एफपीएस ठीक, तरी गेम अडखळतो: सांगलीतल्या एका पीसीचं प्रकरण

पार्श्वभूमी

माझा भाचा सांगलीला असतो, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. नाव घालत नाही, त्याचे मित्र वाचतील आणि मग चिडवतील, भाचाच म्हणू. बारावीच्या निकालावर दाजींनी त्याला पीसी घेऊन दिला होता, रायझन ५ ३६०० प्रोसेसर, एनव्हिडियाचं जीटीएक्स १६६० सुपर ग्राफिक्स कार्ड, ८ जीबी रॅमची एकच स्टिक आणि २४ इंची ७५ हर्ट्झचा आयपीएस मॉनिटर, ज्याच्या खोक्यावर फ्रीसिंक (मॉनिटरने कार्डाच्या तालावर चालायची सोय) असं भलं मोठं छापलेलं. ती रॅमची एकच स्टिक पुढे येणार आहे, मी तेव्हा तिच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही.

मी पुण्यात आयटीत, म्हणजे घरातला कॉम्प्युटरवाला मामा. ताईचा प्रिंटर कागद ओढत नसला तरी फोन मलाच येतो. त्यामुळे "मामा, गेम अडकतोय" हा फोन आला तेव्हा मला वाटलं ड्रायव्हर अपडेट कर म्हणायचं आणि सुटायचं.

अडचण काय होती

ड्रायव्हर टाकून झाला, काही फरक नाही. भाचा सायबरपंक २०७७ खेळत होता, कोपऱ्यातला एफपीएसचा आकडा, म्हणजे कार्ड सेकंदाला किती चित्रं (फ्रेम) बनवतं तो, ५० ते ५५ दाखवत होता, म्हणजे त्या कार्डाच्या मानाने बरंच चाललं होतं, पण गाडी वळवली की रस्ता झटके देत सरकायचा. व्हीसिंक (नवं चित्र मॉनिटरच्या तालावरच दाखवायची सेटिंग) बंद केला की चित्र मधूनच आडवं कापल्यासारखं दिसायचं, इमारतीचा वरचा भाग एकीकडे आणि खालचा चार बोटं बाजूला. व्हीसिंक चालू केला की कापणं थांबायचं आणि झटके वाढायचे. व्हॅलोरंट मात्र मस्त चालायचा, म्हणून त्याचं म्हणणं गेमच खराब आहे.

त्याने मला स्क्रीन रेकॉर्डिंग पाठवली, एक नाही चार. मी चारही बघितली, मला काहीच दिसेना, आणि मी बिनधास्त सांगून टाकलं की तुझ्या डोळ्यांचा प्रॉब्लेम आहे. इथे पहिली चूक माझी. रेकॉर्डिंग करणारं सॉफ्टवेअर कार्डाकडून तयार झालेली पूर्ण फ्रेम उचलतं, मॉनिटरवर ती कधी आणि कशी उमटली याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं, त्यामुळे चित्र फाटणं रेकॉर्डिंगमध्ये येतच नाही. हे कळल्यावर मी त्याला म्हणालो बहिणीला फोन दे आणि स्लो मोशनमध्ये स्क्रीनचाच व्हिडिओ काढायला सांग. तो व्हिडिओ आला आणि सगळं उघड झालं, एक फ्रेम एवढा वेळ थांबतेय, पुढची तिच्या दुप्पट, परत एवढाच, असला लंगडा ताल.

हे असं का होतं ते थोडं सविस्तर सांगतो कारण सगळं प्रकरण यावरच आहे. ७५ हर्ट्झचा मॉनिटर दर १३.३ मिलिसेकंदाला चित्र बदलतो, कार्डाकडे नवं चित्र तयार असो वा नसो. ही ठराविक तालाची सवय जुन्या काचेच्या डब्बा मॉनिटरपासून आलेली, तिथे इलेक्ट्रॉनचा झोत वरून खाली फिरत राहायचा. एलसीडीला तशी गरज नाही, पण चालत आलेलं चालत राहिलं. आता भाच्याचं कार्ड ५२ एफपीएसवर म्हणजे साधारण १९ मिलिसेकंदाला एक फ्रेम बनवतंय. ही एसटी आणि पॅसेंजरसारखी गत आहे. एसटी दर १३.३ ला स्टँडवरून सुटणार म्हणजे सुटणार, पॅसेंजर १९ ला पोचतोय, त्याची गाडी चुकली, आता तो २६.७ च्या गाडीत बसणार. एका सेकंदात ७५ गाड्या आणि ५२ पॅसेंजर, म्हणजे २३ वेळा जुनंच चित्र परत दाखवायचं, आणि ते समान अंतराने वाटलं जात नाही, कुठली फ्रेम एक फेरी राहते कुठली दोन. साधा दोन बफरवाला, म्हणजे दोनच फ्रेम ठेवायला जागा असलेला, व्हीसिंक असेल तर आणखी वाईट, कार्ड प्रत्येक वेळी थांबून बसतं आणि ५२ चे थेट ३७.५ होतात. व्हीसिंक बंद केला तर पॅसेंजर चालत्या एसटीत उडी मारतो, म्हणजे अर्धं चित्र जुनं अर्धं नवं, तेच ते फाटणं.

व्हेरिएबल रिफ्रेश रेट, ज्याला सगळे व्हीआरआर म्हणतात, त्यात मॉनिटरची एसटी सोडून वडाप, म्हणजे खाजगी जीप, होते. सांगली साताऱ्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको, पॅसेंजर आला की गाडी निघाली. तांत्रिक भाषेत, एक चित्र काढून झाल्यावर मॉनिटर पुढचं सुरू करायच्या आधी जी छोटी मोकळी जागा असते तीच ताणून धरतो, कार्डाने फ्रेम दिली की लगेच काढायला घेतो. १९ मिलिसेकंद लागले तर १९, १७ लागले तर १७. कार्ड एक फ्रेमही जास्त बनवत नाही, पण बनलेली प्रत्येक फ्रेम वेळेवर आणि अख्खी दिसते.

मग खोक्यावर फ्रीसिंक छापलेलं असताना हे चालू का नव्हतं

हाच प्रश्न मला पडला आणि त्यात एक अख्खी रविवारची संध्याकाळ गेली, व्हिडिओ कॉलवर, एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनलमध्ये जी-सिंकचा, म्हणजे त्यांच्या व्हीआरआरचा, मेन्यू शोधत. मेन्यूच नाही. थोडा इतिहास लागतो इथे. एनव्हिडियाने जी-सिंक आणलं २०१३ च्या ऑक्टोबरात, त्यात मॉनिटरच्या आत त्यांचा स्वतःचा बोर्ड बसवावा लागायचा, त्यामुळे ते मॉनिटर महाग. २०१४ च्या सुरुवातीला त्यांच्या प्रतिस्पर्धी एएमडीने फ्रीसिंक दाखवलं, त्याच वर्षी वेसा या डिस्प्लेची मानकं ठरवणाऱ्या संघटनेने डिस्प्लेपोर्ट १.२ए या जोडणीच्या स्टँडर्डात हीच सोय अॅडॅप्टिव्ह-सिंक नावाने घातली, आणि स्वस्त मॉनिटरमध्येही ही सोय यायला लागली. बरीच वर्षं एनव्हिडियाचं कार्ड आणि फ्रीसिंकचा मॉनिटर यांचं जमायचं नाही. जानेवारी २०१९ च्या ड्रायव्हरपासून जमायला लागलं, १० सिरीज आणि पुढच्या कार्डांवर, पण अशा मॉनिटरसाठी डिस्प्लेपोर्टमधूनच. आणि भाच्याच्या मॉनिटरला मागे फक्त एचडीएमआय आणि ती जुनी निळी व्हीजीए. एचडीएमआयवरचं फ्रीसिंक ही एएमडीची स्वतःची जोडणी, एचडीएमआयच्या स्टँडर्डात व्हीआरआर आलं २.१ मध्ये, २०१७ साली, आणि हा मॉनिटर काही २.१ चा नव्हता. म्हणजे खोक्यावरचं खोटं नव्हतं, या कार्डासाठी ते निरुपयोगी होतं एवढंच.

इथे दुसरी चूक, हीसुद्धा माझीच. मी त्याला सहाशे रुपयांचा अडॅप्टर मागवायला लावला, कार्डाच्या डिस्प्लेपोर्टातून मॉनिटरच्या एचडीएमआयला. चित्र आलं, मेन्यू नाही आला. मॉनिटरपर्यंत शेवटी एचडीएमआयचाच सिग्नल जाणार तर कसा येईल. जरा डोकं लावलं असतं तर सहाशे वाचले असते. तो अडॅप्टर अजून ताईच्या शोकेसमध्ये आहे, कधीतरी लागेल म्हणून.

पर्याय

दाजींनी पंधरा हजार मंजूर केले होते आणि ते एका विशिष्ट वाक्यासकट, "ह्यानंतर दोन वर्षं माझ्यासमोर कॉम्प्युटरचं नाव काढायचं नाही."

फुकटचा पर्याय आधी करून बघितला. मॉनिटर ६० हर्ट्झवर ठेवायचा, सेटिंग खाली आणायची, रिव्हाट्यूनर या प्रोग्रॅमने एफपीएसला ६० ची मर्यादा घालायची. कार्डाला प्रत्येक फ्रेम १६.७ मिलिसेकंदात जमली तर एसटीसुद्धा चुकत नाही, आणि गावाबाहेर, मोकळ्या रस्त्यावर खरोखर लोण्यासारखं चाललं. बाजारपेठेत शिरलं की ५४ वर यायचं आणि परत लंगडी. एफएसआर (लहान चित्र बनवून मोठं करायची सोय) लावून पाहिलं तर आकडा वाढला पण १०८० वर चित्र पुसट, लांबच्या पाट्या वाचता येईनात. डीएलएसएस, एनव्हिडियाची तसलीच सोय, १६६० वर नाहीच. भाचा म्हणाला, "मामा हे म्हणजे चष्मा काढून खेळल्यासारखं आहे." ३७.५ ला बांधून ठेवायचाही मार्ग होता, ७५ च्या बरोबर निम्मं, सगळ्या फ्रेम दोन दोन फेऱ्या, ताल एकदम पक्का. तो मला आवडला होता खरं तर. त्याला नाही आवडला, माउस जड लागतो म्हणाला, आणि ते बरोबरही होतं.

दुसरा पर्याय जुनं पण मोठं कार्ड. भाच्याची सगळी ओढ इकडे, कारण कार्ड म्हटलं की मित्रांत सांगता येतं, मॉनिटरचं कोण ऐकतो. त्याने चौदा हजारात एक वापरलेलं आरएक्स ६६०० हेरून ठेवलं होतं. याच्या बाजूने बोलायला बरंच होतं, एएमडीचं कार्ड म्हणजे जुन्या मॉनिटरवर एचडीएमआयमधून फ्रीसिंक आपोआप चालू, आणि एफपीएसही वाढणार. विरोधात दोन गोष्टी. विकणारा बिल देत नव्हता, कार्ड आधी क्रिप्टो मायनिंगला जुंपलेलं होतं की नाही तेही सांगत नव्हता. आणि जुन्या मॉनिटरची फ्रीसिंकची रेंज होती ४८ ते ७५. ही रेंज दिसायला बरी वाटते पण तोकडी आहे. कार्ड ४८ च्या खाली गेलं की मॉनिटरला तेवढा वेळ थांबता येत नाही, अशा वेळी ड्रायव्हर एकच फ्रेम दोनदा दाखवून काम भागवतो, ४० एफपीएस असेल तर मॉनिटर ८० वर पळवतो. त्यासाठी वरची मर्यादा खालच्या मर्यादेच्या किमान दुप्पट पाहिजे. ४८ ची दुप्पट ९६, मॉनिटर थांबतो ७५ ला. म्हणजे गेम जड झाला की, नेमकी गरज असते तेव्हाच, सोय गायब.

तिसरा, कार्ड तेच ठेवून डिस्प्लेपोर्ट असलेला १४४ हर्ट्झचा मॉनिटर. रेंज ४८ ते १४४, दुपटीच्याही वर, म्हणजे खाली गेलं तरी सांभाळून घेणार. किंमत तेव्हा अकरा ते बारा हजार.

निर्णय कसा झाला

मी तिसऱ्याच्या बाजूचा होतो, भाचा दुसऱ्याच्या, आणि दाजी दोघांच्याही विरोधात. त्यांनी फोनवर एकच प्रश्न विचारला, "अरे स्क्रीन बदलून गेम जोरात कसा पळेल?" मी म्हणालो, "पळणार नाही दाजी. तेवढाच पळेल, पण अडखळणार नाही." या उत्तरावर पंधरा हजार सुटत नसतात हे मला त्याच क्षणी कळलं.

मग गणपतीला सांगलीला जाताना मी माझा स्वतःचा मॉनिटर चादरीत गुंडाळून गाडीच्या मागच्या सीटवर टाकला. बायको विचारत होती की हा कुणासाठी नैवेद्य. या सगळ्या प्रकरणात मी केलेली एकमेव शहाणपणाची गोष्ट हीच, कारण व्हीआरआर सांगून पटत नाही आणि व्हिडिओत तर दिसतच नाही, डोळ्यासमोरच पाहिजे.

आरती झाल्यावर माझा मॉनिटर लावला. गेममध्ये एकच रस्ता, एकच गाडी, तेच सेटिंग, एकदा जी-सिंक कम्पॅटिबल (फ्रीसिंकच्या मॉनिटरवर चालणारं जी-सिंक) चालू करून, एकदा बंद करून. ताईला बसवलं, जिने आयुष्यात सॉलिटेअर सोडून गेम खेळलेला नाही, आणि कुठलं चालू कुठलं बंद ते तिला सांगितलं नाही. तीन वेळा केलं, तिन्ही वेळा तिने बरोबर ओळखलं. "ह्याच्यात डोकं दुखत नाही" असं म्हणाली. दोन्ही वेळा कोपऱ्यातला आकडा बावन्न-त्रेपन्नच होता, तो दाजींनी वाकून वाचला, आणि तिथे विषय संपला. भाचाही गप्प झाला.

काय केलं

आता इथे परत घोळ. भाच्याला वक्र स्क्रीन आवडली, व्हीए पॅनलची (हा पडद्याचा आयपीएसहून वेगळा प्रकार), आयपीएसपेक्षा हजारेक रुपये स्वस्त, काळा रंग एकदम गडद. मी हो म्हणालो. मॉनिटर आला, दोन दिवस आनंदीआनंद, तिसऱ्या दिवशी रात्री फोन, लोडिंग स्क्रीनवर आणि अंधाऱ्या गल्लीत चित्र लुकलुकतंय, घरातली ट्यूब जाण्याआधी करते तसं. रिफ्रेश रेट वरखाली झाला की पॅनलची चमकही किंचित बदलते, आणि व्हीएमध्ये हे जास्त जाणवतं, त्यातही लोडिंगच्या वेळी फ्रेमचा वेळ एकदम उड्या मारतो तेव्हा. काही मॉनिटरमध्ये सहन होण्याइतकं असतं, याच्यात नव्हतं. सात दिवसांची परत करायची मुदत होती म्हणून वाचलो, खोकं ताईने जपून ठेवलं होतं म्हणून आणखी वाचलो. मग आयपीएस मागवला, साडेअकरा हजार.

तोही लावला आणि पहिल्या संध्याकाळी, "मामा काही फरक नाही." विंडोजने गपचूप ६० हर्ट्झच धरला होता. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ निवडायला लागतं, आणि मॉनिटरच्या स्वतःच्या मेन्यूत अॅडॅप्टिव्ह-सिंक चालू करायला लागतं, ते कारखान्यातून बंद होऊन येतं. खोक्यात केबल एचडीएमआयचीच होती, डिस्प्लेपोर्टची साडेचारशेला वेगळी आणली.

शेवटची मांडणी अशी बसली. जी-सिंक चालू, एनव्हिडियाच्या पॅनलमध्ये व्हीसिंक चालू पण गेमच्या आत बंद, आणि वरची मर्यादा १४१ एफपीएस. १४१ कशाला, तर कार्ड १४४ च्या वर गेलं की मॉनिटरची रेंज संपते आणि व्हीसिंक परत थांबवायला लागतो, म्हणून जरा अलीकडेच लगाम. मॉनिटरचा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे पिक्सेल लवकर बदलायची सेटिंग, मधल्या पायरीवर, कारण सर्वात वरच्या पायरीवर १४४ ला छान दिसतं पण ५० ला हलणाऱ्या गोष्टींमागे पांढरट भूत येतं. आणि खरंच चाललंय का हे बघायला मॉनिटरच्या मेन्यूतला रिफ्रेश रेटचा आकडा उघडा ठेवायचा, तो एफपीएसबरोबर नाचत असेल तर चालू, १४४ वर ठाण मांडून बसला असेल तर बंद.

काय झालं

लंगडा ताल गेला, फाटणं गेलं. पण एक झटका राहिला. गाडी सुसाट पळवली की दर मिनिटाला एकदा सगळं क्षणभर गोठायचं. भाच्याने लगेच निष्कर्ष काढला की व्हीआरआर फालतू आहे आणि ६६०० च घ्यायला पाहिजे होतं, आणि खरं सांगतो, दोन दिवस मलाही धाकधूक होती.

यावेळी मात्र अंदाज न लावता आफ्टरबर्नर या प्रोग्रॅममध्ये फ्रेम टाइमचा, म्हणजे प्रत्येक फ्रेमला लागलेल्या वेळाचा, आलेख लावला. बाकी रेघ १९ च्या आसपास सरळ, आणि मध्येच १३० मिलिसेकंदाची सुई. १९ चे २० झाले तर मॉनिटर थांबून घेतो, १३० कोण थांबणार, तोवर जुनंच चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं जातं आणि ते गोठल्यासारखंच दिसतं. टास्क मॅनेजर उघडायला सांगितलं, रॅम ९६ टक्के भरलेली, मागे क्रोमच्या चौदा टॅब. तीच ती ८ जीबीची एकच स्टिक. दुसरी तशीच १,९०० रुपयांना आणली, १६ जीबी झाली, रॅमचे चॅनेल, म्हणजे डेटा जायचे रस्ते, तेही दोन झाले, सुया जवळपास गेल्या आणि सरासरीही चारपाच एफपीएसने वर सरकली.

व्हॅलोरंटचं सांगायचं राहिलं. तो २०० च्या वर पळतो, मॉनिटरच्या रेंजबाहेर, त्यामुळे तिथे व्हीआरआरचा काही संबंध नाही. भाच्याला तिथे जो फरक जाणवला तो निव्वळ ७५ चे १४४ झाले त्याचा. तो मात्र अजून सगळ्यांना व्हीआरआरमुळे नेम सुधारला म्हणून सांगतो.

परत करायचं झालं तर

रॅम सगळ्यात आधी. एकोणीसशे रुपयांचं काम मी सगळ्यात शेवटी केलं कारण मला मॉनिटरच्या गोष्टीत मजा येत होती, दुसरं कारण नाही. फ्रेम टाइमचा आलेख पहिल्या फोनलाच लावला असता तर दोन वेगळी दुखणी आहेत हे तेव्हाच दिसलं असतं, एक कार्ड आणि मॉनिटरचा ताल न जुळण्याचं, दुसरं रॅम तुंबण्याचं. एफपीएसच्या आकड्यात दोन्ही मिसळून एकच "५२" दिसत होतं.

कार्डाचा पर्याय चूक होता असं मी आजही म्हणणार नाही. बिल आणि वॉरंटी असती आणि जुन्या मॉनिटरची रेंज ४० ते ७५ का असेना जरा रुंद असती तर मी कदाचित त्याच बाजूला गेलो असतो. ती रेंज मॉनिटर घेताना कुणी विचारत नाही, आम्हीही नव्हती विचारली, दुकानदारालाही बहुतेक माहीत नसते, एएमडीच्या साइटवर मॉडेलनुसार यादी असते ती बघायची.

हिशोब: मॉनिटर ११,५००, केबल ४५०, रॅम १,९००, आणि माझा अडॅप्टर ६००, जो दाजींना सांगितलेला नाही. जुना मॉनिटर कॉलेजच्या होस्टेलवरच्या एका पोराने साडेतीन हजारात नेला. त्याच्याकडे वेगळं कार्ड नाही, रायझन ५ ५६००जी आहे, म्हणजे ग्राफिक्स एएमडीचंच. आठवड्याने भाच्याने मला फोटो पाठवला, होस्टेलची खोली, तोच मॉनिटर, एचडीएमआयची तीच केबल, आणि स्क्रीनवर एएमडीच्या सेटिंगमध्ये फ्रीसिंक चालू असल्याची खूण. खाली लिहिलं होतं, "मामा, इथे तर पहिल्या झटक्यात चाललं की रे."